मोरीवरचं फ्रेंच

एम. डी. सरांच्या फ्रेंचच्या वर्गात शिरायचं तर आधी मागच्या मोरीवर जाऊन गुळण्या कराव्या लागत. चपला जिन्यात, दप्तर बाकावर आणि आपण मोरीवर. तिथे एक निळं प्लास्टिकचं पिंप होतं आणि साखळीने बांधलेला ॲल्युमिनियमचा मग. मगातलं पाणी वरून तोंडात ओतायचं, मान मागे टाकायची आणि घशात पाणी खळखळवत ‘र’चा आवाज काढायचा. फ्रेंचांचा ‘र’ जिभेच्या टोकावर नसतो, पार मागे घशात असतो, म्हणून ही तालीम. आम्ही सगळे एका रांगेत मान वर करून उभे राहायचो. मग एकेकाने मोरीत थुंकायचं.

धुळ्याला देवपुरात एका पिठाच्या गिरणीच्या वर हा वर्ग होता. खाली गिरणी सुरू झाली की फरशी थरथरायची. पीठ उडून जिन्यावर, बाकांवर, मोरीतही येऊन बसायचं. आमच्या थुंकीत ते कालवलं जाऊन मोरीच्या जाळीवर करड्या रंगाचा लगदा साचायचा. दळण घेऊन आलेल्या बाया खालून वर बघत आणि एकमेकींना कोपर मारत. एकदा एकीने विचारलंही होतं, “काय वं पोरींनो, वर दवाखाना शे का?”

“आधी घसा, मग भाषा,” असं सर म्हणत. रोज म्हणत.

शिक्षकांविषयी लिहिताना मनात आदर असावा असं आम्हाला शाळेपासून सांगितलं आहे. मीही तसंच लिहायला बसले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे शिकवणाऱ्या माणसाविषयी वाकडं लिहिताना माझा हात अडखळतो. पण सरांची आठवण आली की सगळ्यात आधी ती मोरी दिसते, मग त्यांच्या टेबलावरचा स्टीलचा पेला दिसतो. नुसता राग असता तर एव्हाना निवला असता. ही किळस आहे.

त्या पेल्याचं सांगायला हवं. सर दिसायला अतिशय स्वच्छ माणूस. पन्नाशीचे, सडपातळ, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं उन्हाळ्यातही लावलेली. तोंडाला वास येऊ नये म्हणून गालात सतत लवंग. ती चावून चावून चोथा झाला की ते शिकवता शिकवता पेला उचलत, तोंडाशी नेत आणि त्यात थुंकत. अगदी हलकेच, आवाज न करता. मग पेल्यावर बशी झाकत. संध्याकाळपर्यंत तळाशी तपकिरी गाळ जमायचा. वर्ग सुटला की ज्याची पाळी असेल त्याने तो पेला मोरीवर नेऊन घासायचा. माझी पाळी आली की मी श्वास धरून घासायची. आमच्या तोंडात घाण आहे हे आम्हाला रोज सांगणाऱ्या माणसाच्या तोंडातलं आम्ही रोज धूत होतो, आणि त्यात काही चुकीचं आहे असं तेव्हा कोणाच्या मनातही आलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी बॅटरी लावून आमची तोंडं तपासली होती. “आ कर. जीभ वर. अजून.” करंगळीचं नख वाढवलेलं होतं, त्या नखाने ते दात दाखवत, टेकवत नसत. माझ्यापाशी येऊन म्हणाले, “गाव?”

“साक्रीजवळ, सर.”

“घरी काय बोलता?”

“अहिराणी.”

त्यांनी बॅटरी विझवली. “फ्रेंच ही पाहुणी आहे,” ते सगळ्यांना म्हणाले. “पाहुण्यांसमोर आपण अंगावरच्या मळक्या कपड्यांनी जात नाही. या वर्गात ज्याच्या तोंडून अहिराणीचा शब्द निघेल, त्याने उठायचं, मोरीवर जायचं, गुळणी करायची आणि परत यायचं. शिक्षा समजू नका. सफाई समजा.”

सरांचं स्वतःचं गाव कुठलं ते कोणालाच माहीत नव्हतं. विचारलं की ते म्हणत, “आम्ही पुण्याकडचे.” बोलणं तर असं की पाठ्यपुस्तकाने उठून बोलावं. ‘आहे’ ते पूर्ण म्हणत, ‘नाही’ ते पूर्ण म्हणत. रागावले तरी वाक्य अर्धवट सोडत नसत.

आणि एक खरं ते खरं, त्यांना फ्रेंच येत होतं आणि शिकवताही येत होतं. अगदी पायापासून. ‘झ स्वी’ म्हणजे ‘मी आहे’, ‘झे’ म्हणजे ‘माझ्याजवळ आहे’, ही दोन क्रियापदं त्यांनी आमच्याकडून पाढ्यांसारखी घोकून घेतली. प्रत्येक वस्तू बाई की पुरुष ते कळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, असा नियम होता. खुर्ची ओढायची तर आधी ‘ला शेझ’ म्हणायचं, पुस्तक उघडायचं तर ‘ल लीव्र’. शब्दाच्या शेवटची अक्षरं लिहायची पण म्हणायची नाहीत, हे आम्हाला फार दिवस अन्यायाचं वाटायचं. सर म्हणत, “सगळंच बोलून दाखवायचं नसतं. सभ्य लोक शेवटचं अक्षर गिळतात.” मला अजून वर्गातलं बरंच आठवतं, आणि ते त्यांच्यामुळेच आठवतं. म्हणूनच लिहायला जास्त जड जातं.

कल्पना माझी होस्टेलमधली खोलीसोबतीण. चाळीसगावकडच्या एका खेड्यातली. सरांच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा मोरीवर जाणारी हीच आणि सगळ्यात चांगलं फ्रेंच बोलणारीही हीच. मी वाक्य आधी मनात जुळवायची, तपासायची, मग भीतभीत उच्चारायची. तोवर विषय पुढे गेलेला असायचा. कल्पना तोंड उघडायची आणि बोलायची. चुकलं तर हसायची आणि पुन्हा बोलायची.

आकड्यांचा दिवस मला चांगला आठवतो. साठपर्यंत सगळं सरळ होतं. सत्तरला फ्रेंच लोक ‘साठ-दहा’ म्हणतात, इथवर आम्ही कसेबसे आलो. मग सरांनी फळ्यावर ऐंशी लिहिलं आणि म्हणाले, “कात्र-व्हँ. शब्दशः अर्थ, चार वीस.”

कल्पना बाकावरून जवळजवळ उठलीच. “अरे! हाई तं मन्ही आजी मोजस तसंच शे! चार ईसा!”

सगळा वर्ग हसला, कारण सगळ्यांच्याच आज्या तशाच मोजत. कोणी म्हणालं पाच ईसा म्हणजे शंभर, कोणी म्हणालं माझी आजी कोंबड्यासुद्धा ईसाने मोजते. एका क्षणात तो अवघड आकडा आमच्या घरातला होऊन गेला. दुसऱ्या कुठल्या मास्तराने हे सोनं म्हणून उचललं असतं.

सरांनी खडू खाली ठेवला. “मोरी,” ते म्हणाले.

“पण सर, मी तर फक्त...”

“फ्रेंचांचे चार वीस आणि तुझ्या आजीच्या कोंबड्या एका ताटात वाढू नकोस. मोरी.”

ती गेली. तिच्या गुळणीचा आवाज येईपर्यंत सर थांबले. मग पेला उचलून त्यात थुंकले आणि एक्क्याऐंशी लिहू लागले.

वर्गात रौनक नावाचा एक मुलगा होता. त्याच्या घरचं कापडाचं दुकान, मूळचे राजस्थानातले. तो घरी मारवाडी बोलायचा, वर्गातही मधूनच बोलायचा, पण सरांनी त्याला कधी मोरीवर पाठवलं नाही. एकदा त्याने विचारलं, “सर, मला पण पाठवा ना. उकडतंय.” सर म्हणाले, “तुझी भाषा परकी आहे. ती घाण नाही.” रौनकला हसावं की काय करावं ते कळेना. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की सरांची चीड सगळ्या बोलींवर नाही. एकाच बोलीवर आहे.

आणखी एक सांगते. चाचणी संपली की सर बेकरीतून खारी आणत. “हे क्रोआसाँ समजा,” म्हणत. ती आम्ही सुरी आणि काट्याने खायची. खारी ती, काटा लावला की तिचे पापुद्रे उडून चुरा व्हायचा. सर प्रत्येकाच्या मागे येऊन वाकत आणि कान आमच्या गालाशी आणत. चावण्याचा आवाज आला तर खारी खाली ठेवायची. गालाला त्यांच्या श्वासाची ऊब आणि लवंगेचा वास लागायचा. माझी खारी नेहमी अर्धीच राहायची. आजही लवंग घातलेला भात मला जात नाही. आई विचारते, काय झालं, मी काहीतरी सांगते.

तिसऱ्या वर्षी सरांनी एक बातमी आणली. जळगावजवळ एका शेती प्रशिक्षण केंद्रात आफ्रिकेतले शेतकरी केळीची लागवड आणि ठिबक शिकायला येतात. त्यातले बरेच फ्रेंच बोलणारे. केंद्राला त्यांच्यासोबत राहणारी, शेतात, बाजारात, जेवणाच्या वेळी दुभाषाचं काम करणारी एक व्यक्ती हवी होती. केंद्राच्या चौधरी मॅडमनी सरांना विचारलं होतं. सर आम्हा तिघांना, म्हणजे कल्पना, रौनक आणि मला, एक दिवस तिकडे नेणार होते.

माझं आणि रौनकचं तसं काही अडलं नव्हतं. अडलं होतं कल्पनाचं. तिच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, तिला शिकायला पाठवतानाच सांगितलं होतं, पदवी होईपर्यंत. पुढचंही सांगितलं होतं, आणि ती ते मला अधूनमधून त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवायची, “काम लागनं तं ऱ्हाय तठे. नही तं घर ये.” आबा वाईट माणूस नव्हते. दिलेला शब्द पाळणारे होते, आणि हीच अडचण होती. काम लागलं तर ते राहू देणार होते, नाही लागलं तर परत बोलावणार होते.

एसटीने पारोळा, एरंडोल करत जळगावला पोहोचेपर्यंत कल्पना खिडकीशी बसून ओठ हलवत होती. मॅडम मोकळ्या स्वभावाच्या निघाल्या. म्हणाल्या, “मोडकंतोडकं चालेल हो. पण बोलणारं माणूस पाहिजे. मागचा मुलगा हुशार होता, पण तोंडच उघडायचा नाही.” हे ऐकून मी मनातल्या मनात रांगेतून बाहेर पडले.

पाहुणे सेनेगलचे होते. दोन पुरुष आणि आवा नावाच्या एक वयस्कर बाई. डोक्याला पिवळं फडकं, हात नांगर धरलेल्या माणसाचे असतात तसे. सरांनी त्यांना नमस्कारापासून सुरुवात करून एक लांब, सुंदर वाक्य म्हटलं. घशातला प्रत्येक ‘र’ जागच्या जागी. पाहुण्यांनी अदबीने ऐकलं, मान डोलावली आणि गप्प राहिले. मंत्र्याच्या भाषणानंतर गावकरी राहतात तसे.

मग आम्ही केळीच्या बागेत गेलो. आवाबाईंनी खाली वाकून नळी हातात घेतली आणि काहीतरी विचारलं. कल्पना पुढे झाली. तिला ठिबकचा शब्द येत नव्हता. तिने नळीच्या छिद्राखाली तळहात धरला, एक थेंब पडू दिला, दुसरा पडू दिला आणि बाईंकडे बघितलं.

“गूत आ गूत!” आवाबाई म्हणाल्या. थेंबाने थेंब.

“गूत आ गूत,” कल्पना म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की जणू शेताच्या बांधावर भेटल्यात. मग ते सुरूच झालं. पाणी किती, झाडाच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं किती ठेवायची, तुमच्याकडे विहीर असते का, मुलं किती. कल्पनाची वाक्यं लंगडत होती, पण पुढे जात होती. दोघे पुरुषही तिच्याभोवती आले. मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या, “झालं माझं काम.”

मी नीट ऐकत होते आणि मला काहीतरी वेगळं जाणवत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं. ते कल्पनाला आधी कळलं. ती गर्रकन वळली आणि आनंदाच्या भरात ओरडली, “सर! त्यास्ना र तं आपलासारखाच शे!”

खरंच होतं. आवाबाईंचा ‘र’ घशात नव्हता. जिभेच्या टोकावर होता. थरथरणारा, खणखणीत, आमच्या गल्लीतला. एवढ्या दिवसांच्या गुळण्या आम्ही ज्या ‘र’साठी केल्या तो या बाईंना नको होता, आणि जो आम्ही थुंकून टाकत होतो त्याच्यावर त्यांचं अख्खं आयुष्य चाललं होतं.

सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी बागेच्या कडेच्या नळाकडे बोट केलं. “मोरी.”

आम्हाला वाटलं ते थट्टा करताहेत. पण सर थट्टा करत नसत. कल्पनाने एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा पाहुण्यांकडे, आणि सवयीचे पाय असतात ना, तशी ती नळाकडे गेली. ओंजळीत पाणी घेतलं. मान मागे टाकली.

आवाबाई घाबरल्या. “एल ए मालाद?” त्यांनी सरांना विचारलं. ही आजारी आहे का?

सरांनी समजावून सांगितलं. फ्रेंचमध्ये, सविस्तर, अभिमानाने. मला सगळं कळलं नाही, पण ‘र’ आणि ‘अशुद्ध’ आणि ‘घसा’ एवढं कळलं. आवाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सोबतच्या दोघांना त्यांच्या भाषेत दोन शब्द सांगितले, पदर खोचावा तसं अंगावरचं कापड खोचलं, नळाकडे गेल्या, कल्पनाच्या शेजारी उभ्या राहिल्या, तोंडात पाणी घेतलं आणि मोठ्यांदा गुळणी केली. दोघे पुरुष रांगेत मागे उभे राहिले. त्यांनीही केली. त्यातल्या शेवटच्याने थुंकल्यावर तोंड पुसलं आणि सरांना अगदी नम्रपणे, जिभेवरचा ‘र’ वाजवत म्हटलं, “मेर्सी, मस्यू.”

मॅडमना हसू आवरेना. रौनक केळीच्या झाडाआड गेला. कल्पना नळाला धरून, ओल्या तोंडाने, पोट दुखेपर्यंत हसत होती. सर तिथे बटणं लावलेल्या बाह्यांनी उभे होते. मला त्या क्षणी त्यांची दया आली होती. ती पहिली आणि शेवटची.

परतीच्या गाडीत ते पुढे एकटे बसले. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मागे माझ्यापाशी आले. कल्पना झोपली होती.

“हिच्या घशाला काही त्रास आहे का?” त्यांनी विचारलं.

“नाही, सर.”

“रोज गुळण्या करते.”

“सर, ते तर तुम्हीच...”

ते परत जागेवर गेले. मला वाटलं, त्यांना पश्चात्ताप झाला असेल.

जळगावहून बोलावणं येईना. मॅडमनी तर निघताना ‘कळवतेच’ म्हटलं होतं. शेवटी कल्पनाने मला शेजारी बसवून फोन लावला, आवाज मोठा करून.

“अगं कल्पना,” मॅडम म्हणाल्या. “तुझी तब्येत बरी आहे का आता?”

“मला काय झालंय, मॅडम?”

“हे बघ, वाईट वाटून घेऊ नको. सरांनी फोन करून सांगितलं. म्हणाले, सांगायला नको वाटतं, पण जबाबदारी आहे. घशाचा जुना संसर्ग आहे, म्हणून वर्गातसुद्धा रोज गुळण्या कराव्या लागतात. त्या दिवशी आपण पाहिलंच, मला तेव्हा गंमतच वाटली होती. इथे पाहुण्यांसोबत जेवणखाण एकत्र असतं गं. वरच्या लोकांना काय सांगू मी?”

कल्पनाने फोन माझ्याकडे सरकवला. मी फोन घेतला आणि जे खरं होतं ते सांगायचा प्रयत्न केला. पण ते बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती खोटं वाटतंय. फ्रेंच शिकायला मोरीवर गुळण्या करतात, अहिराणी बोललं की करतात. कोण विश्वास ठेवणार? मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, “डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणा. आणि सरांनी फक्त एक फोन करावा, की गैरसमज झाला. बास. मी बाकीचं बघते.”

सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कल्पनाला आ करायला लावलं, बॅटरी लावली, बराच वेळ बघितलं. “कोणी सांगितलं तुला आजार आहे म्हणून?” ते म्हणाले. “इतका धुतलेला घसा मी धुळ्यात पाहिला नाही.” आम्हाला हसूही आलं नाही. सर्टिफिकेट घेऊन आम्ही बाहेर पडलो.

ते काम कल्पनाला मिळालं नाही, हे इथेच सांगून टाकते. सरांचा फोन गेला नाही आणि केंद्राने नाशिककडचा कोणी मुलगा घेतला. परीक्षा झाली, आणि आबा ठरल्याप्रमाणे येऊन तिची पेटी घेऊन गेले. आता ती चाळीसगावला एका बियाण्यांच्या दुकानात बसते. आवाबाई अजून तिला फोनवर बोलून निरोप पाठवतात, कधी केळीचा घड दाखवतात. तीही दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा उत्तर देते. जिभेच्या टोकाने.

रौनक म्हणतो, अशी माणसं आधी स्वतः कुठेतरी मार खाऊन आलेली असतात, आपण समजून घ्यावं. मी प्रयत्न केला. मला समजतं, पण त्याने किळस कमी होत नाही. सरांचा वर्ग अजून चालतो. गिरणीवरून जाताना वरून खळखळ ऐकू येते तेव्हा मी रस्त्याची दुसरी बाजू धरते.

सर्टिफिकेट मिळाल्यानंतरच्या रविवारी आम्ही सरांच्या घरी गेलो होतो. देवपुरातच, नदीच्या अंगाला, एका गल्लीच्या टोकाला बैठं घर. त्याआधी कोणी विद्यार्थी तिथे गेलेला नव्हता. दुपारची वेळ, गल्लीत कोणी नाही. फाटक उघडंच होतं. आम्ही दारापर्यंत गेलो आणि घंटी वाजवणार तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

“आखो एक घास खाय, माय. दखं, वांगं कसं कवळं शे.”

आम्हाला वाटलं घरी कोणी गडीमाणूस असेल. एका म्हातारीचं अस्पष्ट काहीतरी ऐकू आलं. मग तोच पुरुषी आवाज, लाडात आलेला, हसरा. “नही खाशी तं मी रुसी जासू बरं! मंग कोन तुले जेवाडी?”

म्हातारी हसली. तोही हसला. कसा मोकळा हसला! माझ्या काकांसारखा, कल्पनाच्या आबांसारखा, बाजाराच्या दिवशी साक्रीच्या चौकात शंभर माणसं हसतात तसा. पडदा वाऱ्याने हलला आणि आम्हाला एक पाठ दिसली. बनियन घातलेली. समोर बाजेवर एक इवलीशी म्हातारी, आणि तिच्या तोंडाकडे जाणारा हात. करंगळीचं नख वाढवलेलं.

मी कल्पनाकडे बघितलं. तिचा चेहरा उजळला होता. खरंच, दवाखान्यातून निघाल्यापासून पहिल्यांदा. ती माझा दंड धरून कुजबुजली, “सर आपलाच शेतस वं! आते व्हई जाई काम.”

आणि तिने घंटी वाजवली.

आतला आवाज बंद झाला. बऱ्याच वेळाने दार उघडलं. सरांनी घाईने पांढरा शर्ट चढवला होता, खालची बटणं वरच्या काजात गेली होती. उजवा हात भाजीने माखलेला, अंगापासून लांब धरलेला.

“किती वेळ उभ्या आहात?” त्यांनी विचारलं. पूर्ण, स्वच्छ.

“आतेच उनूत, सर,” कल्पना म्हणाली. आत्ताच आलो, हे तिने मुद्दाम अहिराणीत म्हटलं नाही. आतून जी भाषा आली होती तिला तिने उत्तर दिलं, एवढंच. आणि मग आपल्याकडे कोणाच्याही दारात पहिलं विचारतात तसं विचारलं, “माय जेवनी का?”

सरांनी माखलेला हात पाठीमागे घेतला. माझ्या मनात आलं, आता हा माणूस दारातून बाजूला होईल, म्हणेल, या, बसा. तसं झालं असतं तर मी हे काहीच लिहिलं नसतं.

कल्पनाने सर्टिफिकेट पुढे केलं. “सर, डॉक्टर म्हणाले घसा चांगला आहे. तुम्ही मॅडमना फक्त एक फोन...”

त्यांनी ते हातात घेतलं नाही. तिथूनच वाचलं.

“डॉक्टरांना घसा दिसतो,” ते म्हणाले. “त्यातून काय बाहेर पडतं ते त्यांना ऐकू येत नाही. मी कोणालाही फोन करणार नाही. जाताना फाटक नीट लावून घ्या.”

दार बंद झालं. कडी लागली. आम्ही पायरीवरून हललो नव्हतो. आतून म्हातारीचा आवाज आला, “कोन व्हतं रे?”

“कोनीच नही, माय,” सर म्हणाले. “तू खाय.”